अकरावीच्या वह्या

“अंकल, दीदी ट्वेल्थ में आ गईं ना?”

खालच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या कुटुंबातली मुलगी जिन्यापाशी स्कूटी पुसत होती आणि ईश्वर तिच्या बाजूनं अंग चोरून वर निघाला होता. हातात डबा, खांद्याला बॅग. हजरतगंजहून मेट्रोनं आयटी चौराह्यापर्यंत आणि तिथून ऑटोत चौघांमध्ये दाबून बसून आल्यामुळं शर्ट पाठीला चिकटला होता. प्रश्न अवघड नव्हता. एप्रिल लागला होता, शाळेचं नवं वर्ष सुरू झालं होतं, मागच्या वर्षी जी अकरावीत होती ती यंदा बारावीत जाणार. यात विचारण्यासारखं खरं तर काही नव्हतंच. मुलीचं नाव अवनी. तिच्या घरच्यांनी ही जागा मागच्या पावसाळ्यातच फोनवर ठरवली होती आणि राहायला ती माणसं आली होळीनंतर. घरमालकीणबाई कानपूरला असतात. वरच्या भाडेकरूंची मुलगी सायन्सला आहे, फार हुशार आहे, असं त्यांनी तेव्हा सांगितलं असणार, आणि पुढचं सांगायचं राहून गेलं असणार. किंवा पुढचं त्यांना कळलंच नसेल. ईश्वरच्या मनात हे सगळं एका क्षणात येऊन गेलं, आणि तरीही तोंडातून जे निघालं ते या सगळ्याशी संबंध नसल्यासारखं निघालं.

“हाँ,” तो म्हणाला. “आ गई.”

“तो इलेवंथ के नोट्स उनके अब किसी काम के नहीं होंगे ना? मुझे मिल जाएँगे? मेरा भी बायो है.”

“हाँ हाँ, क्यों नहीं. संडे को ले लेना.”

मुलगी हसली, थँक्यू अंकल म्हणाली आणि पुन्हा फडकं मारायला लागली. ईश्वर जिना चढला. वळणावर त्यानं कठड्याला हात लावला तर कठडा दिवसभराच्या उन्हानं अजून तापलेला होता. आपण खोटं बोललो असं त्याला वाटलं नाही. वाटलं ते भलतंच. छातीत कुठंतरी, फार दिवस बंद असलेल्या घराची खिडकी कुणी ढकलावी तशी, थोडी हवा आली होती. आ गई. बारावीत आली. किती सोपं वाक्य होतं, आणि म्हणताना जिभेला कुठं अडखळलंही नाही. दार द्रौपदीनं उघडलं. तिनं डबा घेतला, पाण्याचा ग्लास पुढं केला, आणि काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “ऊन लागलं काय?” तो नाही म्हणाला. पूर्वी तो तिला स्नेहलची आई म्हणून हाक मारायचा. जानेवारीपासून त्याला तिला हाक मारता येत नव्हती. समोर येईपर्यंत थांबायचं आणि मग बोलायचं, अशी सवय त्यानं लावून घेतली होती, आणि तिनंही ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

वह्या आतल्या खोलीत खिडकीशेजारच्या फळीवर होत्या. फिजिक्सच्या, केमिस्ट्रीच्या, बायोलॉजीच्या, इंग्लिशची एक. तपकिरी कागदाची कव्हरं, त्यावर स्टिकर, स्टिकरवर स्नेहल रामटेके, क्लास इलेवन. वर्ष संपल्यावर वह्यांचं काय करायचं हा प्रश्न या घरात कधी पडला नव्हता. दरवर्षी निकाल लागला की स्नेहल स्वतःच गठ्ठा बांधायची आणि जिन्याखाली नेऊन ठेवायची. कबाडीवाला आला की तो गठ्ठा जायचा. “रख के क्या करना है, बाबा?” ती म्हणायची. तिला घरातलं मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र ती हिंदीतून द्यायची. ईश्वरला ते रुचायचं नाही. हिंदीतलं उत्तर नव्हे, त्याची त्याला सवय झाली होती. वह्या कबाड्याला जाणं रुचायचं नाही. उमरेडजवळच्या त्यांच्या वस्तीत वही कधी संपायची नाही. मार्चमध्ये परीक्षा झाली की दहावीच्या पोराच्या वह्या नववीतून वर आलेल्याकडं जायच्या, पुढच्या वर्षी त्याच्याकडून आणखी कुणाकडं. ईश्वरनं सायन्सच्या ज्या वहीवरून दहावी काढली, तिच्या कव्हरवर खोडलेली नावं एकाखाली एक होती. सगळ्यांत वर वहीच्या पहिल्या मालकाचं, माणिकचं नाव होतं. माणिकचं अक्षर पायाला आणि त्यावर तिघाचौघांनी काढलेल्या खुणा, जोडलेल्या ओळी, कुणाच्या तरी घरच्या तेलाचा डाग. वही देणार नाही असं म्हणणारा माणूस त्या वस्तीत त्यानं पाहिला नव्हता. दिली नाही तर देणाऱ्याचंच शिक्षण वाया गेलं असं म्हातारी माणसं म्हणत. आणि आता एक मुलगी जिन्यापाशी उभी राहून सरळ मागते आहे, आणि तो रविवारचं आश्वासन देऊन आला आहे, आणि फळीसमोर उभं राहून त्याला कळतंय की यातलं एक पानही आपल्या हातून कुणाला दिलं जाणार नाही.

कारण यातल्या अर्ध्या वह्या त्यानं लिहिल्या होत्या. दसऱ्यानंतर स्नेहलची शाळा सुटली. रक्ताचा आजार, डॉक्टरांनी नाव सांगितलं, ते नाव ईश्वरनं विमा कंपनीच्या कार्यालयात बसून इतक्या लोकांच्या कागदांवर वाचलं होतं की पहिल्या दिवशी ते त्याला ओळखीचं वाटलं आणि त्याचीच त्याला नंतर भीती वाटली. पण स्नेहलला काळजी होती ती कोर्स मागे पडेल याची. शिवांगी, तिची वर्गातली मैत्रीण, संध्याकाळी स्कूटीवरून यायची आणि त्या दिवशीच्या वह्या ठेवून जायची. आधी ती पानांचे फोटोच पाठवायची, पण फोनवर वाचलं की स्नेहलचे डोळे चुरचुरायचे. शिवाय फिजिक्सचे सर हातानं लिहिलेली वहीच तपासतात असं तिचं म्हणणं. स्नेहलच्या बोटांत पेन धरायची ताकद राहिली नाही तेव्हा ईश्वर म्हणाला, आण, मी लिहितो. आणि रोज कामावरून आल्यावर तो तिच्या पलंगाला टेकून खाली बसायचा, मांडीवर उशी, उशीवर वही, आणि शिवांगीच्या वहीतून स्नेहलच्या वहीत उतरवायचा. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. तो कॉमर्सचा माणूस. पण अक्षर चांगलं होतं, आणि स्नेहलचं अक्षर त्याच्याच वळणाचं होतं. लहानपणी त्यानंच गिरवून घेतलेलं. लिहून झालं की ती लाल पेन मागायची. तेवढ्यापुरतं पेन तिला धरता यायचं. “बाबा, स्पेलिंग फिर खा गए आप. इतना बड़ा वर्ड है, उसमें से एक अक्षर खा के आपका पेट भर गया?” ती हसायची आणि हसता हसता दमायची. आकृत्या ती त्याला दोनदा काढायला लावायची. बेडकाचं हृदय त्यानं असं काढलं होतं की ती म्हणाली, ये तो समोसा है. त्या संध्याकाळी तिला ताप नव्हता. बाहेर गाजर हलवेवाल्याची हाक ऐकू येत होती आणि तिनं हलवा मागितला, आणि दोन घास खाल्लाही.

द्रौपदी तिथंच असायची. पलंगाच्या पायथ्याशी, मुलीचे पाय मांडीवर घेऊन. मोसंबी सोलायची, बिया काढायची, फोड पुढं करायची. तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं, तेही मराठीतलं. बापलेकीच्या तोंडी इंग्रजी शब्द चालले की ती एकदा याच्या तोंडाकडं बघायची, एकदा तिच्या. कधी दोघं हसले की तीही हसायची, थोडी उशिरानं. एकदा ती म्हणाली होती, “मले पण सांगा न, काय म्हणली ते?” ईश्वर म्हणाला, अगं, ते सांगण्यासारखं नाही, अभ्यासातलं आहे. तेव्हा तिनं मान हलवली होती आणि पुढची फोड सोलायला घेतली होती. त्या मान हलवण्याकडं त्या वेळी त्याचं लक्ष गेलं नव्हतं. पुढं जानेवारीचं धुकं आलं, सूर्य दुपारीसुद्धा दिसेना, आणि धुक्यातच एका सकाळी सगळं संपलं. उमरेडहून माणसं आली. नागपूरहून द्रौपदीची बहीण मालिनी आली, आणि रडून रडून तिचा आवाज बसला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, सगळे परत गेले. स्नेहलचे कपडे द्रौपदीनं घड्या घालून देऊन टाकले. कुणाला दिले ते त्यानं विचारलं नाही. वह्यांना तिनं हात लावला नाही. त्या त्याच्या आहेत, असं ती धरून चालली होती.

माणसं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ईश्वर शिवांगीच्या घरी गेला. दार तिच्या आईनं उघडलं आणि ती त्याला बसा म्हणाली. तो म्हणाला, बेटा, आज का क्या हुआ क्लास में, ज़रा कॉपी दे दो. शिवांगीनं आईकडं पाहिलं. मग आत जाऊन वही आणली आणि दोन्ही हातांनी त्याला दिली. तो घरी आला, पलंगाला टेकून खाली बसला, मांडीवर उशी घेतली. पलंग रिकामा होता. द्रौपदी दारात उभी राहून बघत होती. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथं बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. असं फेब्रुवारीभर चाललं. स्पेलिंग आता तो स्वतःच पुन्हा तपासायचा, एकेक अक्षर बोट ठेवून. आकृती बिघडली तर पान फाडून पुन्हा काढायचा. का, असं त्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्याला एवढंच सांगता आलं असतं की वर्ष अजून संपलेलं नाही, वही अर्धवट कशी ठेवायची. मग परीक्षेच्या आधी एका संध्याकाळी शिवांगी दारातच म्हणाली, “अंकल, अब कुछ नहीं बचा. कोर्स ख़त्म हो गया.” एवढं म्हणून ती रडायला लागली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. येताना घराजवळच्या कपूरथला बाजारात लोक भाजी घेत होते, होळीच्या गुझियांचे ढीग लागले होते, आणि त्याला वाटत होतं की खरा निरोप आज झाला, त्या सकाळी झाला तो कसला तरी वेगळाच प्रकार होता.

वह्यांचं आश्वासन दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अवनी पुन्हा जिन्यात भेटली. “अंकल, दीदी दिखती नहीं कभी?”

“नागपुर में है,” तो म्हणाला. “अपनी मौसी के यहाँ. ट्वेल्थ वहीं से करेगी.”

हे त्यानं ठरवलेलं नव्हतं. पण ऑटोत बसल्यावर ते आपोआप पुढं सरकायला लागलं. मालिनीचं घर त्याच्या डोळ्यांसमोर होतंच. समोरची खोली, खिडकीबाहेर कडुलिंब, गच्चीवर वाळत घातलेली कुरडई. स्नेहल तिथं आहे. मावशीच्या हातचा चहा तिला फार गोड लागतो आणि ते तोंडावर सांगता येत नाही म्हणून ती अर्धा कप कुंडीत ओतते. कार्यालयात समोर एका वारसाचा कागद होता, मेलेल्याचं नाव, जन्मतारीख, नातं. त्यानं तो बाजूला सारला आणि दुसरा घेतला. जेवणाच्या सुट्टीत शेजारचे मिश्राजी म्हणाले, रामटेके जी, आज चेहरा ठीक लग रहा है. त्याला शरम वाटली आणि ती शरमही टिकली नाही. तो आठवडा विलक्षण होता. सकाळी जाग आली की छातीवरचं ते नेहमीचं वजन जाणवायचं, आणि मग आठवायचं, नागपूर. ती उठली असेल. तिकडं पाण्याची बोंब असते, लवकर आंघोळ उरकावी लागते. वेड लागत चाललं आहे का, असं तो स्वतःला विचारायचा, आणि उत्तर यायचं की नाही, वेड्याला माहीत नसतं. मला सगळं माहीत आहे. माहीत असूनही मेट्रोच्या काचेवर डोकं टेकून तो तिच्या आजच्या पेपरची काळजी करायचा. द्रौपदीला त्यानं काही सांगितलं नाही. जेवताना ती समोर बसलेली असायची, भाताचे घास मोजूनमापून घेतल्यासारखी खायची, आणि एकदा म्हणाली, “आज तुमी दोनदा भात घेतला.” त्यात बरं वाटणं होतं की तक्रार, त्याला कळलं नाही. तिच्यापासून काहीतरी लपवून आपण आत खातो आहोत, असं मात्र त्याला वाटलं.

शनिवारी त्यानं बायोलॉजीची वही बॅगेत घालून नेली. झेरॉक्स काढून द्यावी, म्हणजे मुलीला नोट्स मिळतील आणि वही घरात राहील, असा साधा विचार. दुकानदारानं वही घेतली, मधोमध उलटी करून काचेवर दाबली, कणा मोडल्यासारखा आवाज झाला, आणि खालून हिरवा उजेड सरकत गेला. “पूरी कॉपी, भाई साहब?” वहीच्या कडेनं तो उजेड बाहेर येत होता. हॉस्पिटलात तिला असल्याच एका यंत्रात सरकवलं होतं आणि तो काचेपलीकडं उभा होता. “रहने दीजिए,” तो म्हणाला आणि वही काढून घेतली. दुकानदारानं निघालेला एक कागद त्याच्या हातात दिला. त्या पानावर त्याचं अक्षर होतं की तिचं, ते रस्त्यावरच्या दिव्याखाली उभं राहून त्यानं कितीतरी वेळ पाहिलं, आणि लाल खूण छापून काळी झाल्यामुळं त्याला ओळखता येईना.

रविवारी सकाळी तो आंघोळीला गेला असताना बेल वाजली. बादलीत नळ चालू होता म्हणून त्याला शब्द नीट ऐकू आले नाहीत. फक्त अवनीचा आवाज, मग द्रौपदीचा, मग अवनीचा. त्यानं नळ बंद केला.

“...आंटी, दीदी नागपुर से कब आएँगी? छुट्टियों में?”

अंगावर साबण तसाच, हातात तांब्या, तो उभा राहिला. बाहेरची शांतता इतकी लांबली की त्याला वाटलं मुलगी गेली असावी. मग द्रौपदी बोलली, तिच्या मोडक्या हिंदीत, अगदी शांतपणे. “बेटा, दीदी नहीं आएगी. दीदी नहीं है. जनवरी में गई. बीमार थी.”

तो कसाबसा अंग पुसून, ओल्या अंगावरच बनियन चढवून बाहेर आला तेव्हा अवनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तोंड उघडं. तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, भीती होती, मोठ्या माणसाला उघडं पाहिल्यावर वाटते तसली. “सॉरी आंटी,” ती म्हणाली, “सॉरी, मुझे सच में नहीं पता था, मैं बाद में—” आणि वळली.

“रुक,” द्रौपदी म्हणाली. ती आतल्या खोलीत गेली. फळीवरच्या वह्या तिनं दोन्ही हातांच्या कवेत घेतल्या, सगळ्या, एकही न ठेवता, हनुवटीनं वरची दाबून धरली आणि बाहेर आली. ईश्वर वाटेत उभा होता. ती थांबली नाही, आणि तो आपसूक बाजूला झाला. “ले जा. अच्छे से पढ़ना. वापस देने का नहीं.” मुलगी रडत होती. तिनं वह्या घेतल्या, ओझ्यानं तिचे हात खाली गेले, आणि ती एकेक पायरी चाचपत जिना उतरली. खालचं दार लागल्याचा आवाज आला.

द्रौपदीनं आपलं दार लावलं. कडी घातली. ईश्वरला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडायला हवं होतं. तीन महिन्यांत ती ओरडली नव्हती. तो जमिनीकडं बघत उभा राहिला. केसांतून पाणी मानेवर ओघळत होतं. वस्तीतली म्हातारी माणसं, शिवांगीचे दोन्ही हात, फळीवर उरलेली धुळीची चौकोनी रेघ; काही काही मनात येत होतं आणि काही टिकत नव्हतं. द्रौपदी जाऊन पलंगाच्या पायथ्याशी बसली. तिथून तिनं विचारलं,

“मालिनीच्या घरी ठेवलं तिले?”

त्यानं मानेवरचं पाणी हातानं पुसलं.

“माह्या बहिणीच्या घरी. आन मलेच सांगतलं नाही.” तिच्या आवाजात राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. “कवापासून हाये ती तिथं?”

“आठवडा झाला,” तो म्हणाला.

“समोरच्या खोलीत, का मांगच्या?”

“समोरच्या.”

“मांगच्या खोलीत लय गरम होते. कूलर लावला काय मालिनीनं?”

“लावला.”

“केस आले असतीन आता तिचे.” औषधांनी डिसेंबरातच स्नेहलचे केस गेले होते, द्रौपदीनं ते उशीवरून रोज वेचून एका रुमालात ठेवले होते. “औषध बंद झालं का येतात म्हणे लवकर.”

“आले,” ईश्वर म्हणाला. तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला. “कानापर्यंत आले. कुरळे आले. आरशात बघून चिडते.”

“कुरळे माह्या मायचे होते,” द्रौपदी म्हणाली. तिचा हात पलंगाच्या चादरीवर होता, मांडीवर पाय घ्यावेत तसा, तळवा वर. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, तोरई, लौकी, आणि गल्लीच्या टोकाला त्याचा आवाज विरला. बोलणं पुढं जावं म्हणून ईश्वर काहीतरी शोधत होता, चहा, कुंडी, सकाळची आंघोळ, पण त्यातलं काहीच आता खरं वाटत नव्हतं. आता स्नेहल फक्त इथंच उरली आहे, या दोघांच्या मध्ये, आणि खाली एका मुलीला सगळं कळलेलं आहे.

द्रौपदीलाही ते कळलं असावं. ती कडी घातलेल्या दाराकडं बघत होती.

“मले आधी सांगतलं असतं,” ती म्हणाली, “तर मी त्या पोरीले काही बोलली नसती. मी पण म्हणली असती, हो, हाये नागपूरले.”